साठ पावलं मागे

आर्डिथ क्लेव्ह यांनी बूथचं दार उघडलं तेव्हा मी आत स्टुलावर बसून एल्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या घोड्याएवढ्या हरणाच्या, मादीसारखा ओरडत होतो. मंगळवारची जेवणाची सुट्टी होती, सँडविच कागदातच होतं. मिझूला शहरात लोकांचे कान तपासून मी सव्वीस वर्षं पोट भरतोय, आणि त्या बूथवर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा बँकेवरही नाही. भिंतींना आतून जाड राखाडी गादी, दार फ्रीजसारखं घट्ट बसणारं. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. तिथे बसून माणसं कानाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबतात. पुष्कळ जण आवाज नसतानाही दाबतात, कारण नापास होण्याची भीती सत्तरीतही जात नाही. त्या दिवशी मी कडी नीट लावली नव्हती. दार उघडलं, मी दचकलो आणि तोंडातली आवाज काढायची चकती टाळूवरून सुटून घशाकडे गेली. पांढरा कोट घातलेला एक्कावन्न वर्षांचा माणूस गुडघ्यांवर हात टेकून ओकाऱ्या काढतोय आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई पर्स खांद्यावर सरकवून त्याच्या पाठीत गुद्दे घालतेय, असा तो देखावा होता. चकती बाहेर पडली तेव्हा आर्डिथबाईंनी ती वाकून उचलली, उजेडात धरली, स्वतःच्या कोटाला पुसली आणि माझ्या हातात दिली.

"भीक मागतोयस तू," त्या म्हणाल्या.

त्यांना ऐकू आलं असेल म्हणून मी ओशाळलो. पण त्यांच्या डाव्या कानातलं यंत्र सकाळीच बंद पडलं होतं, उजवं पर्समध्ये होतं, आणि त्या वेळ न ठरवताच दुरुस्तीला आल्या होत्या. त्यांनी फक्त माझी मान बघितली होती. शिरा अशा तट्ट फुगल्या म्हणजे माणूस विनवण्या करतोय, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दोन बोटं माझ्या जबड्याखाली मऊ जागी टेकवली आणि परत आवाज काढायला सांगितलं. मी काढला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. परत काढला. परत तेच. मग त्या माझ्या रुग्णाच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी विचारलं की सप्टेंबरला, शिकारीच्या हंगामाला, किती आठवडे उरलेत. मला तो आकडा पाठ होता. नऊ आठवडे आणि तीन दिवस.

ती चकती म्हणजे घोड्याच्या नालासारखी वाकलेली एक पट्टी, आणि मधे ताणलेला रबराचा पातळ पडदा. टाळूला चिकटवायची, जिभेने दाबायची आणि फुंकायचं. जीभ किंचित सैल सोडली की सूर वरून खाली उतरतो, ती मादीची साद. घट्ट दाबून वर चढवत नेलं की नराची शीळ होते, पण ती वर्षानुवर्षांनी येते म्हणे. पहिले पंधरा दिवस मला फक्त उमासे आले. मी लाल सिग्नलला काचा वर करून फुंकायचो. शेजारच्या गाडीतल्या एका बाईने एकदा माझ्याकडे बघून आपल्या मुलीला मागच्या सीटवर दुसऱ्या बाजूला सरकवलं. मी हसलो, आणि सिग्नल हिरवा झाला तरी मला गाडी पुढे घेता येईना, कारण हसता हसता मी रडायला लागलो होतो. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले. हे मी जॅनेलला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही. आम्ही दोघं तेव्हा एकमेकांना फक्त उपयोगाचं तेवढंच सांगत होतो.

मार्चमध्ये आमच्या मुलाने, कोल्टरने, स्वतःला संपवायचा प्रयत्न केला होता. जॅनेल कामावरून लवकर घरी आली म्हणून तो आहे. बावीस वर्षांचा आहे. यापुढचं मी कुणाला सांगत नाही. तो दवाखान्यातून घरी आला तेव्हा मी बाथरूमची आणि त्याच्या खोलीची कडी काढून टाकली होती आणि सासऱ्यांच्या तिन्ही बंदुका शेजाऱ्याच्या तिजोरीत नेऊन ठेवल्या होत्या. कडीच्या जागी दाराला दोन भोकं राहिली, ती लांबीने बुजवून वर रंग लावला, पण रंग जुळला नाही. कोल्टरने त्या डागावरून एकदा बोट फिरवलं. एप्रिल, मे तो आपण होऊन काहीच बोलला नाही. विचारलं तर उत्तर द्यायचा, हो, नाही, खाल्लं, झोपलो. त्या उत्तरांमध्ये कधीही उद्या नसायचा. मी धंद्याने आवाज ऐकणारा माणूस; त्या पोराच्या बोलण्यात भविष्यकाळच राहिला नाही हे मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं, आणि ते मी त्याच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी ते लिहून घेतलं.

जूनच्या एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दुधात कॉर्नफ्लेक्स घालून खात होता. मी भांडी पुसत होतो. खिडकीतून डोंगर दिसतो, त्यावरचं बर्फ ओघळत चाललं होतं. तो म्हणाला, "सप्टेंबरमध्ये गेलो असतो मी. बोलावणारं कुणी असतं तर." एवढंच. बारा वर्षांचा असल्यापासून तो त्याच्या आजोबांबरोबर, जॅनेलच्या वडिलांबरोबर, धनुष्याच्या हंगामात एल्कच्या मागे जायचा. आजोबा, म्हणजे वॉल्ट, मागे बसून साद घालायचे आणि नातू पुढे बाण लावून उभा राहायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी वॉल्ट गेले. मी कधी गेलो नव्हतो. मला थंडी सोसत नाही, आणि रक्त मला बघवत नाही. पण त्या वाक्यात सप्टेंबर होता. मी हातातली बशी खाली ठेवली आणि म्हणालो की मी शिकतो. त्याने माझ्याकडे बघितलं, वाडग्यातलं उरलेलं दूध प्यायला आणि म्हणाला, "बघ." मला तेवढं पुरलं. ज्याला सप्टेंबरमध्ये कुठेतरी जायचं आहे तो त्याआधी कुठे जाणार नाही, असा माझा हिशेब होता. सप्टेंबरनंतर काय, हा विचार आला की मी चकती तोंडात घालायचो.

त्यानंतर त्याने गॅरेजमधून धनुष्य काढलं. मागच्या अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर तो रोज बाण मारायला लागला. मी आत बसून ऐकायचो. धप्. मग अकरा-बारा सेकंद. धप्. सहा बाण झाले की तो चालत जाऊन ते उपटून आणायचा, त्याला दीड मिनिट लागायचं. दोन मिनिटं झाली की मी खिडकीशी जायचो. अडीच झाली की मी लिंबू सरबताचा पेला घेऊन बाहेर जायचो. एकदा दुपारभरात चार पेले झाले. चौथा त्याने हातात घेतला, गवतावर ओतला आणि रिकामा पेला नीट माझ्या हातात परत दिला. रात्री तो बाथरूममध्ये असला की मी दाराबाहेरून काहीतरी विचारायचो. टॉवेल आहे ना, पाणी गरम आहे ना, उद्या नाश्त्याला अंडी चालतील ना. आतून हो यायचं. ते हो आलं की मी श्वास सोडायचो, आणि दहा मिनिटांनी दुसरा प्रश्न शोधायला लागायचो.

आर्डिथबाई शहराबाहेर ओढ्याकाठी एकट्या राहायच्या. चाळीस हंगाम त्यांनी शिकाऱ्यांच्या तळावर स्वयंपाक केला होता, आणि वाटाड्या दारू पिऊन पडला की त्याच्याऐवजी जाऊन सादही घातली होती. आता त्यांच्या कानातले वरचे सगळे सूर गेलेत, ते माझ्याच कागदावर आहे. दोन वर्षांपूर्वी समोर नर उभा राहून शीळ घालत होता आणि त्यांना फक्त त्याच्या तोंडातून निघणारी वाफ दिसली, असं त्या सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या. दर गुरुवारी कामानंतर मी त्यांच्या ओसरीवर जायचो. त्या बोटं माझ्या जबड्याखाली ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. ऐकू न येणारी बाई ऐकू येणाऱ्याला शिकवतेय, याची मला सुरुवातीला गंमत वाटायची, नंतर वाटेनाशी झाली, कारण त्यांचं चुकत नसे. मला माझा सूर बरोबर वाटायचा, यंत्रावर रेकॉर्ड केलेल्या खऱ्या मादीशी तंतोतंत जुळायचा, आणि त्या म्हणायच्या, परत भीक. मादी विनवत नाही, मादी फक्त सांगते की मी इथे आहे. येणाऱ्याने यावं. एका गुरुवारी त्यांनी विचारलं की हे सगळं कुणासाठी चाललंय. मी सांगितलं, मार्चसकट. त्यांनी बोटं काढून घेतली नाहीत. माझा जबडा त्यांच्या बोटांवर थरथरत होता, तो थांबेपर्यंत त्या तशाच बसल्या. मग आत जाऊन कॉफी उकळून घेऊन आल्या.

बोलावणारा कुठे बसतो हे मला ऑगस्ट संपताना कळलं. तोवर माझ्या डोक्यात चित्र होतं की मी आणि कोल्टर एका ओंडक्याआड खांद्याला खांदा लावून बसलोय. आर्डिथबाईंनी काडीने मातीत आकृती काढली. नर आवाजाकडे येतो, आवाज जिथून येतो तिथे त्याची नजर असते. म्हणून बाण मारणारा पुढे, आणि बोलावणारा साठ पावलं मागे, मधे दाट झाडी, दोघांनी एकमेकांना दिसायचं नाही. नर मागच्या आवाजावर नजर ठेवून पुढच्याच्या जवळून जातो. आणि तो जर मध्येच अडून उभा राहिला, आला नाही, तर बोलावणाऱ्याने पाठ फिरवायची आणि लांब जात जात साद घालायची, मादीने नाद सोडला असं वाटलं पाहिजे. मी विचारलं की शेजारी बसून नाही का चालणार. त्या म्हणाल्या, "शेजारी बसायचं असेल तर सिनेमाला जा."

निघायच्या आदल्या रात्री जॅनेल माझ्यासाठी लोकरीचे मोजे पिशवीत भरत होती. कोल्टरने जावं, असं तिलाही वाटत होतं, आणि जाऊ नये असंही. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती, फोन कुठे लागतो ते विचारून घेतलं होतं. सोलायचा सुरा माझ्याच पिशवीत राहील असं ठरलं. जॅनेलने मोज्यांची घडी केली, परत मोडली, परत केली, आणि म्हणाली की बाकी काही मागत नाही, फक्त त्याला नजरेआड करू नकोस. मी हो म्हणालो. आकृती मला दिसत होती, काडीने मातीत काढलेली, आणि मी हो म्हणालो.

बिटररूट डोंगररांगेच्या चढावर आम्ही तंबू लावला. पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. पहाटे उठायचं, गारठलेल्या बोटांनी बुटांच्या नाड्या बांधायच्या, कड्याकडेने चालायचं. कोल्टर पुढे, मी मागे. तो पावडरची छोटी बाटली दाबायचा, पांढरी भुकटी कुठे उडते ते बघून वारा ओळखायचा आणि हाताने मला दिशा दाखवायचा. घरातला पोर आणि हा पोर वेगळे होते. हा वाकून शेण हातात घ्यायचा, ओलं आहे का बघायचा. एका झाडाची साल नराने शिंगांनी सोलून काढली होती, तिथे चिकावर बोट फिरवून त्याने मला वास घ्यायला लावला. दुपारी आम्ही डब्यातलं चिली, म्हणजे तिखट राजमा-खिमा, गरम करून खायचो. मला वाटायचं की आता बोलावं, विचारावं, आणि मी विचारायचो की अजून हवंय का. तो म्हणायचा, पुरे. तीन दिवस मी साठ पावलं मागे बसून साद घातली आणि तीन दिवस जंगलाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते मला बरंच वाटत होतं. काही आलं नाही म्हणजे पाच मिनिटांनी कोल्टर झाडीतून बाहेर यायचा, अंगठा खाली करून दाखवायचा, आणि आम्ही पुढे चालायला लागायचो. एकदा तो म्हणाला, "आवाज वाईट नाही रे तुझा. फक्त घाईत असतोस." मी त्या कौतुकावर अर्धा दिवस चाललो.

चौथ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या वरच्या अंगाला नराची शीळ आली. आधी खोल घरघर, मग चढत चढत सुईच्या टोकासारखी बारीक होत गेलेली, आणि शेवटी खोकल्यासारखे चार हुंकार. सव्वीस वर्षं मी लोकांना यंत्रातून सूर ऐकवतोय, पण असला सूर माझ्या छातीत कधी शिरला नव्हता. कोल्टरने माझ्या कोटाची बाही पकडली. मार्चपासून त्याने मला आपण होऊन हात लावला नव्हता. त्याने पुढची, आडवं खोड पडलेली एक जागा दाखवली, मला मागे बोट केलं आणि कानाशी येऊन कुजबुजला, "अडला तर पाठ फिरव. तीस पावलं जा. घाई करू नकोस." आणि तो गेला. चारपाच फरच्या झाडांपलीकडे त्याची टोपी दिसली, मग दिसेनाशी झाली.

मी साद घातली. नराने उत्तर दिलं. मी थांबलो, शिकवल्याप्रमाणे, मनात वीसपर्यंत मोजलं, परत घातली. उत्तर आता जवळून आलं, मग आणखी जवळून. वाऱ्यावर त्याचा वास आला, ओल्या घोड्याचा आणि मुताचा, आणि फांद्या मोडल्याचा आवाज. मला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर त्या चार-पाच मिनिटांत मी सुखी होतो. माझ्या तोंडातल्या रबराच्या तुकड्यावर भरवसा ठेवून तेवढं मोठं जनावर ओढा ओलांडून माझ्या मुलाकडे चाललं होतं. मग आवाज थांबले. मी साद घातली. काही नाही. परत घातली. काही नाही. तो अडून उभा होता, किंवा निघून गेला होता, मला मागून काहीच दिसत नव्हतं. मी उठलो, पाठ फिरवली आणि चालायला लागलो.

आर्डिथबाईंच्या ओसरीवर मी हे शंभर वेळा केलं होतं. चार पावलं, साद. चार पावलं, साद, आधीच्यापेक्षा हळू. जंगलात प्रत्येक पाऊल टाकताना माझ्या मानेवर कुणीतरी हात ठेवून मागे वळवतंय असं वाटत होतं. मी माझ्या मुलाकडे पाठ करून चाललो होतो. मागे तो एकटा होता, हातात बाण होता, आणि मी त्याला सोडून लांब चाललोय असं ऐकवत होतो. नराला ऐकवत होतो, पण त्यालाही ऐकू जातच होतं ना. आठ पावलं झाली. डोळ्यांपुढे जॅनेल मोज्यांची घडी करत होती. बारा झाली. मागून कडकन काहीतरी मोडलं आणि मग काहीच आलं नाही. धनुष्य सुटल्याचा आवाज नाही, जनावर पळाल्याचा नाही, कोल्टरची हाक नाही. एक डोमकावळा वरून ओरडत गेला. मी थांबलो. मी मनात अकरापर्यंत मोजलं, मग मला आठवेना की हे मी का मोजतोय. मार्चमध्येही घर असंच गप्प होतं. जॅनेलने फोनवर मला पहिल्यांदा हेच सांगितलं होतं, की घरात काही आवाजच येत नव्हता. मी चकती थुंकून टाकली आणि पळत सुटलो.

फांद्या तोंडावर बसत होत्या. मी त्याचं नाव घेत होतो की नाही ते मला माहीत नाही, घसा नंतर दुखत होता म्हणजे घेत असेन. झाडी संपली आणि मला कोल्टर दिसला. तो पडलेल्या खोडाशी एक गुडघा टेकून होता, धनुष्याची दोरी गालापर्यंत ओढलेली, पाठ ताठ. त्याच्या पुढे पंचवीस पावलांवर फरच्या एका झाडामागे नर उभा होता. शिंगं झाडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली, मान पुढे काढलेली, आणखी दोन पावलं टाकली असती तर सगळी बरगडी समोर आली असती. नराने मला बघितलं. मग एवढं मोठं अंग तिथल्या तिथे फिरलं आणि उतारावरून धडधडत खाली गेलं. कितीतरी वेळ दगड घरंगळत राहिले.

कोल्टरने दोरी सावकाश सैल सोडली, बाण काढून भात्यात लावला आणि माझ्याकडे धावत आला. "काय झालं? पडलास का? लागलं कुठं?" त्याने माझे खांदे धरले, डोकं तपासलं. माझ्या कपाळावर फांदीने रक्त आलं होतं, ते त्याने अंगठ्याने पुसलं. मला अस्वल दिसलं असं सांगता आलं असतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण त्याने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आणि त्याचे हात माझ्या खांद्यांवरून खाली आले.

"डॅड," तो म्हणाला. "तुला वाटलं, मी."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. मी हो म्हणालो.

तो खोडावर जाऊन बसला. मीही बसलो, पण त्याच्या शेजारी नाही, खोडाच्या दुसऱ्या टोकाला. ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली यायला लागलं होतं. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो धनुष्याच्या मुठीवरची माती नखाने खरवडत राहिला आणि मग बोलला, माझ्याकडे न बघता.

"आजोबा मागं असायचे ना, तेव्हा ते आहेत हेच मी विसरून जायचो. तू मागं असलास की नाही विसरता येत. घरात पण नाही. दाराबाहेर तुझे मोजे ऐकू येतात मला. टॉवेल विचारायच्या आधी अर्धा मिनिट तू नुसता उभा असतोस, ते पण कळतं."

त्याला एवढं सलग बोलताना मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

"आत्ता तो झाडाआडून मान काढत होता," तो म्हणाला, "तेव्हा मी विसरलो होतो. तुला, मला, मार्चला. काही म्हणजे काही नव्हतं डोक्यात. दीड मिनिट असेल. मला वाटलं होतं, ते आता परत येणारच नाही."

ते दीड मिनिट मी मोडलं होतं. त्यासाठी मी उन्हाळाभर उमासे काढले होते, त्याला तेवढं दीड मिनिट मिळावं म्हणून, आणि ते आलं तेव्हा मीच हात हलवत त्यात शिरलो होतो. मी त्याला म्हणालो की माझं चुकलं. तो म्हणाला, ठीक आहे. ते ठीक नव्हतं, आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. मग मला धीर राहिला नाही. मी म्हणालो की तू सांगशील तिथे मी बसेन, हवं तर खाली तंबूत जाऊन बसेन, पण मला एक शब्द दे.

"कसला?"

"तुला माहीत आहे कसला."

त्याने खोडाची साल उपटली. खाली पांढऱ्या अळ्या होत्या, त्या आत सरकल्या. "कायमचा नाही देता येणार," तो म्हणाला. "दिला तर खोटा असेल, आणि तुला लगेच ऐकू येईल. तुझा धंदाच तो आहे."

एवढे महिने मी त्याच्या तोंडून दुसरं काही ऐकायला कान लावून बसलो होतो, आणि हे त्याने साध्या आवाजात सांगितलं, अंडी चालतील म्हणावं तसं. मला वाटलं की त्याला उचलून गाडीत घालावं, घरी न्यावं, त्याच्या खोलीचं दारच काढून टाकावं. बावीस वर्षांच्या माणसाला असं उचलता येत नाही. मी फक्त त्याच्या बुटांकडे बघत राहिलो. डाव्या बुटाची नाडी तुटून गाठ मारलेली होती. घरी नवी नाडी होती, मी ती आणायची विसरलो होतो.

"आजचा देतो," कोल्टर म्हणाला. "बारा वाजेपर्यंतचा. तो खरा आहे."

मी वर बघितलं. तोही माझ्याकडे बघत होता.

"बारा वाजता काय?" मी विचारलं.

"बारा वाजता परत विचार. मोजे घालून दाराबाहेर उभं राहून नाही. समोर येऊन विचार. त्या वेळी जेवढा असेल तेवढा देईन."

खालून, ओढ्याच्या पलीकडून, नराने शीळ घातली. कोल्टरची मान तिकडे वळली आणि त्याचं तोंड एकदम बदललं. नराला आपला वास लागला नव्हता, कोल्टर म्हणाला, फक्त मी दिसलो होतो. अजून रागात आहे, अर्ध्या तासात परत चढेल, पण या वेळी मला खूप लांब जावं लागेल, साठ पावलं पुरणार नाहीत. वरच्या धारेपलीकडे जा म्हणाला. तिथून मला हे खोड दिसणार नव्हतं, मधली झाडीही नाही, आणि त्याने हाक मारली असती तरी ती धारेआड माझ्यापर्यंत पोचली नसती. मी ते त्याला बोलून दाखवलं नाही. चकती मी थुंकून टाकली होती, पण कोटाच्या खिशात दुसरी होती. मी ती टाळूला लावली. तोंड कोरडं पडलं होतं, चिकटेना, मी ती काढून परत चघळून ओली केली.

मग मी चढायला लागलो. चढ उभा होता आणि मला दर दहा पावलांवर दम लागत होता. तीस झाली, साठ झाली, पुढची मी मोजली नाहीत. मागे वळून बघितलं असतं तर तो दिसला असता, अजून झाडं विरळ होती. मला ते माहीत होतं आणि मी चालत राहिलो. धार ओलांडली. पलीकडे लार्चची झाडं होती, नुकती पिवळी पडायला लागलेली, आणि वारा मागून मानेवर येत होता. एका खडकाला टेकून मी एकदा साद घातली, लहानशी. मी इथे आहे, एवढीच. दुसरी घालावीशी वाटली, पण घातली नाही. घड्याळात सव्वाआठ झाले होते. बाराला पावणेचार तास होते. मार्चपासून एवढा वेळ मला कुणी एकदम दिला नव्हता.